जहाजावरचा बाप

“तुमची पोरगी म्हणजे नुसता रेडिओ आहे हो,” नूडल्सच्या टपरीवरची मानांग सेनिया, सगळ्यांची थोरली ताई, म्हणाली आणि उकळत्या रश्शाचा डाव तिनं रेनांतेच्या वाडग्यात रिता केला. नूडल्सवर काळजाचे पातळ काप होते, डुकराच्या कुरकुरीत कातडीचा चुरा होता आणि वरून फोडलेलं कच्चं अंडं रश्शाच्या वाफेनं कडेकडेनं पांढरं होत होतं. रेनांतेचा चमचा हवेतच थांबला. “कोण, आमची रेल्विन?” “मग काय माझी? माझ्या पोरी दुबईत आहेत. शाळा सुटली की तुमची लाडकी पोर, तुमची इंदाय, येते, गिमारास बेटावर जाणाऱ्या बोटीत चढते, फोन तोंडाशी धरून बोलतच चढते. पलीकडे उतरतही नाही म्हणे, त्याच बोटीनं परत. काय बोलते, काय हसते! बोटवाले म्हणतात, हिच्याकडून भाडं कसलं घ्यायचं, उलट करमणुकीचे पैसे आपणच द्यायला हवेत. बापाच्या वळणावर गेली नाही, देवाची कृपा.” आणि ती स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसली. रेनांतेही हसला. हसणं भाग होतं. इलोइलो शहरात माणसं भांडली तरी लाडात आल्यासारखी भांडतात, प्रत्येक वाक्याला एक झोका असतो. त्यामुळे कोण टोमणा मारतंय, कोण सावध करतंय आणि कोण नुसतंच बोलतंय हे कळायला मार्ग नसतो. वर्षातले नऊ महिने समुद्रावर काढणाऱ्या माणसाला तर नसतोच. अंडं पूर्ण पांढरं झालं तरी त्यानं वाडग्याला हात लावला नव्हता. त्याच्या घरी जी मुलगी राहत होती ती बोलत नव्हती. ‘हं’ म्हणायची, ‘नाही’ म्हणायची, आणि फारच झालं तर ‘माहीत नाही’. शाळा सुटल्यावर ती उत्सवाच्या नाचाच्या तालमीला जाते असं तिनं सांगितलं होतं. संध्याकाळी सगळ्या शहरात ढोल वाजत असत आणि त्यातला एखादा ढोल आपल्या मुलीसाठी वाजतोय असं समजून तो घराच्या पायरीवर बसलेला असे.

जहाजावर तो सेकंड इंजिनिअर होता. यंत्रातला बिघाड आधी कानाला कळतो आणि मग तबकडीवर दिसतो, हे तो हाताखालच्या पोरांना नेहमी सांगायचा. तबकडी खोटं बोलत नाही, पण उशिरा बोलते. या वेळी घरी आल्यापासून त्याचा कान घरालाच लागलेला होता आणि घर त्याला बरोबर वाटत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्याला प्लायवूडच्या भिंतीपलीकडून आवाज ऐकू आला होता. रेल्विनच्या खोलीतून. दबकं, भरभर बोलणं, मधेच एक हसू, आणि त्या हसण्यानंतर अगदी स्पष्ट, “नाही ना ताय, तसं नाही.” ताय. तो जागच्या जागी उभा राहिला. ताय म्हणजे बाप, आणि या घरातला ताय तर भिंतीच्या अलीकडे हातात पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. त्यानं दार ढकललं. ती पलंगावर पालथी पडली होती, फोन उशीखाली गेला होता. “कुणाशी बोलत होतीस?” “कुणाशी नाही.” “ताय म्हणालीस.” “नाही म्हणाले.” “मी ऐकलं.” “मग तुला चुकीचं ऐकू आलं.” हे ती इतक्या सौम्यपणे म्हणाली की त्याला पुढे रागावताही येईना. त्या दिवसापासून भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. आणि आता मानांग सेनिया सांगत होती की आवाज बंद झालेला नाही, जागा बदललीय.

भिंतीपलीकडून ते ऐकल्यापासूनच तो दुसरा ताय रेनांतेच्या डोक्यात राहायला आला होता. जहाजावरच्या जेवणघरात याच विषयावर विनोद चालत. दर्यावर्दी माणसाच्या घरात चपलांचे दोन जोड असतात, एक येणाऱ्याचा आणि एक जाणाऱ्याचा, असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे, तोही हसायचा. आता तो घरातल्या वस्तूंकडे पाहू लागला. फाटकाची बिजागरी नवी होती. “ही कुणी बदलली?” त्यानं बायकोला विचारलं. एल्वी भाजी चिरत होती. “मी.” “तू?” “फोनवर बघून बदलली. का, तुला बोलवायला हवं होतं ब्राझीलहून?” छताला गळती नव्हती, नळाला नवी तोटी होती, मागच्या अंगणात कुणीतरी शेवग्याची फांदी करवतीनं सफाईदार कापली होती. नीट चाललेल्या घराचा एवढा संशय कुणाला आला नसेल. एल्वीला तो काही म्हणाला नाही, पण ती काय समजायची ते समजली असावी. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, “तू नसताना घर पडू द्यायला हवं होतं का रे आम्ही? म्हणजे तुला बरं वाटलं असतं.”

आणि गंमत अशी की हे सगळं तो चालू ठेवत होता ते याच घरात कायमचं राहायचं ठरवून. एजन्सीचा नवा करार त्याच्यापुढे होता, जहाज सिंगापूरला थांबलेलं होतं, आणि त्यानं एल्वीला सांगितलं होतं की या वेळी मी जाणार नाही. शहरातल्या एका प्रशिक्षण केंद्रात शिकवायची नोकरी मिळत होती. पगार निम्म्याहून कमी. पण रेल्विन सोळाची झाली होती, शाळेची दोनच वर्षं उरली होती, त्यानंतर ती मनिलाला जाईल किंवा आणखी कुठे, आणि बाप म्हणून तिच्या घरात राहायची ही शेवटची संधी. शब्दशः त्यानं असाच विचार केला होता, ‘तिच्या घरात’, जणू तोच तिच्याकडे भाडेकरू होता. एजन्सीला अजून ‘नाही’ कळवलेलं नव्हतं. आज कळवू, उद्या कळवू. कारण एक प्रश्न होता आणि तो कुणाला विचारता येत नव्हता. मी राहिलो तर ती माझ्याशी बोलेल का?

कारण ती बोलायची. हे त्याला पक्कं माहीत होतं. जहाज बंदराला लागलं, फोनला रेंज आली की तिचे आवाजी निरोप एकामागून एक उतरत. तो बंकवर आडवा होऊन, डोळे मिटून ते ऐके. जीवशास्त्राच्या बाईंचा विग पंख्याच्या वाऱ्यानं कसा सरकला, शेजारच्या मांजरीनं तिच्याच गणवेशावर पिल्लं कशी घातली, वर्गातली जिनालिन आता दुसऱ्या मुलींबरोबर डबा खाते आणि त्याचं मला काही वाटत नाही, खरंच काही वाटत नाही, ताय, म्हणजे थोडं वाटतं. तो एकेक निरोप दोनदा, तीनदा ऐके. मग उत्तर. उत्तर द्यायला त्याला दिवस लागत. इंजिनाच्या घरघरीत फोन तोंडाशी धरून तो काहीतरी बोले, ते मूर्खपणाचं वाटे, पुसून टाके, पाळी संपल्यावर पुन्हा बोले. कधी उत्तर पाठवायच्या आत जहाज बंदर सोडून गेलेलं असे आणि ते पुढच्या बंदरातून जाई. घरी मात्र तसं होत नव्हतं. घरी ती एक शब्द बोलली की त्याच्याकडे चार तयार असत. इंजिन रूममध्ये एक रीत असते, हुकूम मिळाला की ऐकणाऱ्यानं तो तसाच्या तसा परत म्हणायचा. गोंगाटात चूक होऊ नये म्हणून. परत म्हटला की काम झालंच समजायचं. तीच रीत तो नकळत घरी घेऊन आला होता. “सातच्या आत घरी. काय सांगितलं मी?” “सातच्या आत घरी.” “जिनालिनच्या नादी लागायचं नाही. काय सांगितलं?” “जिनालिनच्या नादी लागायचं नाही.” ती अचूक म्हणायची, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि त्याला वाटायचं की चला, बोलणं झालं. एल्वी स्वयंपाकघरातून ओरडायची, “अरे ती पोरगी आहे की पंप?”

मानांग सेनियाचं ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं टोपी खाली ओढली, तोंडाला मास्क लावला आणि धक्क्यावर मासळीच्या रिकाम्या पेट्यांआड उभा राहिला. आपण हे करतोय याची त्याला लाज वाटत होती, पण लाज आणि संशय एकाच जागी आरामात राहू शकतात हे एव्हाना त्याला कळलं होतं. गणवेशातली रेल्विन आली. एकटीच. आजूबाजूला पाहिलंही नाही, रोजच्या वाटेनं घरी यावं तशी फळीवरून बोटीत गेली आणि पुढच्या टोकाला जाऊन बसली. तो सगळ्यात शेवटी चढला. बोट लहानच होती, दोन्ही अंगांना तोल सांभाळणारे बांबूचे पंख, वर ताडपत्री. सगळ्यांना नारिंगी जाकिटं घालावी लागत, त्यामुळे सगळे एकसारखेच दिसत होते. तो मागे, इंजिनाला लागून, कोळशाच्या पोत्यांआड बसला. आता तो दुसरा ताय पुढे येईल, तिच्या शेजारी बसेल, अशी तो वाट पाहत होता. एक म्हातारी कोंबडी घेऊन बसली. एक जोडपं आपल्यातच दंग होतं. बोट सुटली, आणि रेल्विननं फोन काढला.

इंजिनाच्या आवाजात त्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. फक्त तिची पाठ आणि उजवा हात दिसत होता. पण तो हात! घरी तो हात ताटाच्या कडेला पडलेला असायचा. इथं तो उडत होता, कुणाची तरी चाल करून दाखवत होता, बोटं फाकवून काहीतरी केवढं मोठं होतं ते सांगत होता. फोनला हात दिसत नाहीत, तरी ती दाखवत होती. ती हसली तेव्हा खांदे हलले. मग बराच वेळ काहीच हललं नाही, आणि तिनं मनगटानं नाक पुसलं. असं कोण आहे की ज्याच्यापुढे माझी मुलगी रडते? आणि मग, निरीक्षणाची सवय असलेल्या माणसाला जशी एखादी क्षुल्लक गोष्ट उशिरा पण अचानक दिसते, तशी त्याला ती दिसली. ती फोन कानाला लावतच नव्हती. एकदाही नाही. ती बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती, पण ऐकत नव्हती. पलीकडून काही येतच नव्हतं. हे कसलं बोलणं? कोणता पुरुष इतका वेळ गप्प बसेल?

त्याच वेळी त्याच्या कानानं दुसरी एक गोष्ट टिपली. इंजिन एक ठोका चुकलं. मग आणखी एक. डिझेलमध्ये हवा शिरतेय, त्याच्या मनानं आपोआप नोंद केली, आता बंद पडेल. आणि ते बंद पडलं. गोंगाट असा एकदम गेला की कानांत पोकळी झाली, आणि त्या पोकळीत, इंजिनाच्या आवाजावर चढवलेला रेल्विनचा आवाज तसाच उंच, उघडा राहून गेला.

“…आई म्हणते तू या वेळी जाणारच नाहीस, इथंच नोकरी धरणार! मग ताय, हे सगळं मी कुणाला पाठवू?”

क्षणभर फक्त पाणी बांबूवर आपटत राहिलं. मग कोंबडीवाली म्हातारी म्हणाली, “मला पाठव गं इंदाय, माझी पोरं तर महिनोन् महिने काही पाठवत नाहीत!” बोट हसली. तांडेल इंजिनाकडे धावता धावता ओरडला, “आधी आपल्याला पोचू दे, मग तुझा निरोप पोचेल!” रेल्विननं मान जाकिटात घातली. तिचे कान लाल झाले होते, आणि ते पोत्यांआडूनही दिसत होते.

रेनांते हलला नाही. ज्या माणसाच्या मागावर तो इथवर आला होता तो माणूस त्याला सापडला होता. सिंगापूरला थांबलेल्या जहाजातल्या एका बंकवर तो डोळे मिटून पडलेला होता. त्याचं वय, त्याचं नाव, त्याच्या डाव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग सगळं रेनांतेसारखं होतं. ती त्याच्यासाठी बोलून ठेवत होती. बाप परत गेला की पाठवायला. घरी आलेला हा दुसरा माणूस निघून जाण्याची ती वाट पाहत होती, आणि आता तो जाणार नव्हता. सुटका वाटायला हवी होती, ती वाटलीही असेल, पण तिच्याखाली संशय तसाच होता, फक्त त्यानं तोंड फिरवलं होतं. तो शहाणा, ऐकून घेणारा, तीन-तीनदा ऐकणारा बाप खरा होता का? की बंदरं लांब होती म्हणून तो शहाणा दिसायचा? त्याला मधे बोलता येत नव्हतं म्हणून तो मधे बोलत नव्हता, एवढंच. त्याच्या जागी कुणालाही ठेवा, त्या बंकवर, त्या समुद्रावर. कुणीही चांगला बाप झाला असता.

तांडेलाचा भाऊ इंजिनाचं चाक फिरवून फिरवून घामाघूम झाला होता. प्रवाह बोटीला हळूहळू दक्षिणेकडे ओढत होता आणि हसणारे लोक आता हसायचे थांबले होते. काय करायला हवं ते रेनांतेला माहीत होतं. पंपाजवळचं नट सैल करायचं, हवा जाऊ द्यायची, पाच मिनिटांचं काम. इंजिन त्याच्या गुडघ्याला लागून होतं. पण तो उभा राहिला की ती वळून पाहणार. “जरा सरका हो मानोंग,” अनोळखी थोरल्या माणसाला म्हणावं तसं तांडेल म्हणाला. तो सरकला, मान खाली. आयुष्यात पहिल्यांदा एक बंद इंजिन हाताच्या अंतरावर असताना तो हात मांडीखाली दाबून बसला होता. शेवटी तांडेलानं नळी काढून तोंडानं ओढली, डिझेलची चूळ समुद्रात थुंकली, शिवी दिली आणि चाकाला झटका दिला. गोंगाट परत आला. रेल्विननं पुन्हा फोन काढला नाही. ती पाण्याकडे पाहत बसली. पलीकडच्या किनाऱ्याला तो गर्दीतून उतरला आणि ती उतरली नाही. तिच्या अगदी जवळून जाताना त्यानं चेहरा पलीकडे वळवला, एखाद्या चोरासारखा, आणि पुढच्या बोटीची वाट पाहत तिथंच एका दगडावर बसून राहिला. एजन्सीच्या बाईंचा फोन तिथंच आला. “सर, उद्या दहापर्यंत सांगा. तिकीट काढायचं की तुमच्या जागी दुसरा माणूस पाठवायचा?” “उद्या सांगतो,” तो म्हणाला. पलीकडे इलोइलोत ढोल सुरू झाले होते.

रात्रीच्या जेवणात तुरीच्या दाण्यांची आंबट आमटी होती, फणस आणि डुकराचं मांस घातलेली. तो गप्प जेवत होता. काहीच विचारत नव्हता. तालीम कशी झाली, किती वाजता आलीस, काहीच नाही. आणि त्याच्या लक्षात आलं की रेल्विन त्याच्याकडे पाहतेय. त्याच्या विचारण्याची तिला जेवढी भीती नव्हती तेवढी न विचारण्याची होती. “ताय,” ती म्हणाली. “दुपारी तू कुठे होतास?”

एजन्सीच्या कचेरीत, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य तोंडाशी तयार होतं. “बोटीत,” तो म्हणाला. “तुझ्या मागे.”

“कुठल्या बोटीत?” एल्वीनं विचारलं. एल्वीनं एकदा नवऱ्याकडे, एकदा मुलीकडे पाहिलं. “देवा रे. पोरीच्या मागे गेलास?”

“किती ऐकलंस?” रेल्विन म्हणाली.

“इंजिन बंद पडलं तेव्हा. तेवढंच.”

“आणि आधीचं?”

“आधी इंजिन चालू होतं.”

“खरं सांग.”

“खरं.”

ती त्याचा चेहरा तपासत होती. हे तो ओळखत होता. तो स्वतः असाच तबकड्या तपासायचा, आकड्यावर विश्वास न ठेवता. “तू मला घाबरवलंस,” ती म्हणाली. “मागे यायचं नसतं असं. विचारायचं असतं.” “विचारलं असतं तर सांगितलं असतंस?” “नाही.” एल्वी नको तेव्हा हसली आणि तिनं तोंडावर हात धरला. रेनांतेच्या तोंडाशी सगळं एकदम आलं: मलाच पाठव, मी इथं असलो म्हणून काय झालं, मी ऐकेन, मधे बोलणार नाही, तू म्हणशील तर मी जातो, तू म्हणशील तर राहतो. “हे बघ इंदाय,” त्यानं सुरुवात केली, “मी तुला—”

“आत्ता नको.”

“आत्ता नको म्हणजे?” एल्वी म्हणाली. “बाप बोलतोय ना तुझा.”

“बोलू दे की. पण आत्ता नको.” रेल्विनचे शब्द नीट होते, आवाजी निरोपातल्यासारखे. “जहाजावरून उत्तर यायला दिवस लागायचे. मी काहीतरी बोलायचे आणि मग विसरूनही जायचे, किंवा मलाच कळायचं की मी काय बोलले. मग तुझं यायचं. इथं मी बोलले की लगेच तुझं तोंड दिसतं. तोंड बघितलं की मला कळतं तू काय म्हणणार, मग मला माझंच पुढचं सुचत नाही. तू विचार कर. परवा सांग.”

परवा. एजन्सीला उद्या दहा वाजता हवं होतं. हे त्यानं सांगितलं नाही. त्यानं मान हलवली, आणि तोंडात दाटलेलं सगळं आमटीच्या घासाबरोबर गिळलं. मोठा घास होता. रेल्विन बराच वेळ संशयानं त्याच्याकडे पाहत राहिली, आता बोलेल, मग बोलेल अशी. मग तिनं फणसाचे तुकडे त्याच्या ताटात सरकवले, जे तिला कधीच आवडत नसत.

सकाळी दहाला फोन वाजला तेव्हा तो पायरीवर बसला होता आणि फोन आत टेबलावर होता. रेल्विन तो घेऊन बाहेर आली. दर्यावर्द्याच्या मुलीला पडद्यावरचं ते नाव वाचून सगळं कळतं. तिनं फोन पुढे केला. त्यानं तो घेतला नाही. “घे ना,” ती म्हणाली. “एजन्सी आहे. जहाज जाईल.”

“परवा म्हणालीस ना.”

“ते मला. त्यांना नाही.”

“उत्तर एकच आहे. तुला आधी.”

ती फोन हातात धरून उभी राहिली. तो वाजत राहिला, थरथरत राहिला, मग थांबला. दोघंही त्या काळ्या पडलेल्या काचेकडे पाहत होते. तिच्या कपाळावर आठी आली. “म्हणजे तू थांबणार? नक्की?” तिनं विचारलं.

परवा उजाडायला अजून अवकाश होता. रेनांतेनं ओठ मिटून घेतले आणि पायरीवर तिला बसायला जागा केली.